अकरा जणांचा डबा

पाटवड्यांचं पीठ हाटता हाटता राधाची नजर फळीवर गेली आणि तिचा हात थांबला. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी दोन महिने उभं असलेलं कल्याणीचं पुस्तक तिथं नव्हतं.

पुस्तक म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला लिहिलेला प्रोजेक्ट. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. पुतणीनं बीबीए केलं म्हणजे नेमकं काय केलं, असं कुणी विचारलं की समाधान काही न बोलता ते काढायचा आणि एकेचाळिसावं पान उघडायचा. त्या पानावर त्याचं नाव इंग्रजीत छापलेलं होतं: समाधान बाबुराव गणवीर. विहारातल्या मंडळींनी ते पाहिलं, दूधवाल्यानं पाहिलं, कंपनीतल्या सोबत्यांनीही हात पुसून पाहिलं. नावाच्या पुढं काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं. या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं आणि नाव दिसलं की सगळ्यांचं समाधान व्हायचं.

कंपनीत नोटीस लागून आठ दिवस झाले होते. पुस्तक त्याच आठवड्यात हललं असणार. राधानं पीठ पुन्हा हाटायला घेतलं. बाहेर नवरा सतरंज्या अंथरत होता आणि कारण नसताना मोठमोठ्यानं बोलत होता. तेवीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं, की हा माणूस खूश असला की गप्प असतो.

कल्याणी कॉलेजात पहिली आली म्हणून आजचं जेवण होतं. नोटीस लागायच्या आधी ठरलेलं, आणि समाधाननं ते मोडलं नाही. मोडलं असतं तर चार लोकांनी विचारलं असतं, का मोडलं.

नोटिशीत लिहिलं होतं, की ड्रिलिंग विभागात पहिल्या तारखेपासून दर मशीनवर दिवसाला नव्वदऐवजी एकशे साठ झाकणं निघाली पाहिजेत, आणि त्यासाठी अकरा नव्हे, सहा माणसं पुरे. समाधान धरून पंचेचाळिशीच्या पुढच्या पाच जणांनी स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म भरावा. शब्द स्वेच्छा असाच होता. म्हणजे घोडीचं गुपित कुणीतरी फोडलं होतं.

घोडी समाधाननं बनवली होती. लोखंडी पट्ट्यांची, हातभर लांब. पंपाची दोन झाकणं एकावर एक तिच्यात आवळली, की एकदाच ड्रिल मारून दोन्हींना भोकं पडायची. सुपरवायझरची किंवा परक्या माणसाची चाहूल लागली की घोडी फडक्याखाली. दीड वाजेपर्यंत नव्वदाचा आकडा हाताशी यायचा, मग उरलेला दिवस हळू चालवायचा आणि जेवणाला चांगला पाऊण तास काढायचा. एकवीस वर्षं हे अकरा माणसांच्या पोटात राहिलं होतं.

त्या पाऊण तासाची किंमत राधाइतकी कुणाला ठाऊक नव्हती. समाधान कंपनीत लागला तेव्हा पहिली दोन वर्षं मशीनच्या आडोशाला एकटा जेवला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पुण्यात असल्या गोष्टी सांगून करत नाहीत. बाकीचे डबे गोल करून बसायचे आणि त्या गोलात याच्यापुरती जागा कधी उरायची नाही, एवढंच. मग यानं घोडी बनवली, आणि स्वतःपुरती ठेवली नाही, अकराही मशीनला एकेक करून दिली. त्यानंतर एके दिवशी गोलातला बद्रीनाथ उठून आडोशाला आला, ‘काय आणलंय बघू’ म्हणाला आणि त्याच्या डब्यातल्या जवसाच्या चटणीत बोट घातलं. दुसऱ्या दिवसापासून राधा अकरा जणांना पुरेल एवढी चटणी देऊ लागली. वर्ध्याहून जवस यायचे, ती भाजून कुटायची. एकवीस वर्षांत त्यात खाडा नव्हता.

आणि आता आठ दिवस त्या गोलात बद्रीनाथला जागा नव्हती. नोटिशीच्या आधी तो दोनदा साहेबाच्या केबिनमध्ये गेला होता, मुलीच्या बाळंतपणासाठी रजा मागायला. लोकांनी त्याचा अर्थ लावला. पहिल्या दिवशी समाधाननं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा राधानं विचारलं होतं, "मग तुम्ही काय केलं?"

"मी काय करणार? चार लोक करतात ते."

"त्याच्याजवळ जाऊन नाही बसले?"

त्यावर समाधान हात धुवायला मोरीत गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

बारा वाजता शकू आणि कल्याणी धनकवडीहून रिक्षानं आल्या. शकू धाकटी जाऊ. तिचा नवरा सुखदेव गेल्यावर त्याच्या जागेवर सरकारी कचेरीत लागली, आणि तेव्हापासून कुठंही गेली तरी सही करायला आल्यासारखी यायची. कल्याणी पाया पडली. राधानं तिची हनुवटी धरून चेहरा वर केला, तर पोरीनं डोळे खालीच ठेवले.

"उन्हात आलीस, पाणी घे," राधा म्हणाली आणि ओट्याकडे वळली. याच ओट्यावर फेब्रुवारीत ते झालं होतं.

तेव्हा कल्याणी रडत आली होती. सहा आठवडे कंपनीत उभी राहून, हातात स्टॉपवॉच घेऊन तिनं अकराही मशीनचा वेळ टिपला होता, आणि सरांनी तक्ता परत केला होता. "सर म्हणतात, तुझ्या वेळानं दिवसाला साठच झाकणं होतात. निघतात नव्वद. वरची तीस काय आभाळातून पडतात? मी आकडे बनवलेत असं वाटतंय त्यांना, मोठे बाबा." समाधाननं तिच्याकडे पाहिलं, मग कपड्याच्या साबणाच्या दोन वड्या घेतल्या, एकीवर एक ठेवल्या, दोन्हीकडून फण्या दाबल्या आणि राधाची सुई वरून खालपर्यंत घातली. "ही तुझी तीस," तो म्हणाला. मग जरा थांबून, "कॉलेजचं आहे ना? कॉलेजातच राहील?" कल्याणी वहीत लिहीत होती. तिनं वर न बघता "हो" म्हटलं. राधा भाकरी थापत होती. तिला ते वर न बघणं तेव्हाच खटकलं होतं, पण पोरीचं रडणं थांबलं होतं, म्हणून ती काही बोलली नाही.

शकूनं पेढ्याचा पुडा ओट्यावर ठेवला आणि दार लोटून घेतलं.

"जाऊबाई, बाहेर सध्या बोलू नका. कल्याणीला पत्र आलंय. भाऊजींच्याच कंपनीचं, हेड ऑफिसातलं. एक जुलैपासून ट्रेनी."

"त्यांना कल्याणी कशी माहीत?"

"प्रोजेक्ट वाचला ना त्यांनी. एक प्रत कंपनीला द्यावीच लागते, त्याशिवाय सर्टिफिकेटवर सही होत नाही. साहेबानं स्वतः फोन केला. म्हणाले, इतकं कामाचं आमच्या पगारी माणसांनी कधी दिलं नाही."

राधाच्या हातातली पळी रश्श्यात तशीच उभी राहिली. "ह्यांना ठाऊक आहे हे?"

"पत्राचं? नाही अजून. सांगू सावकाश." शकूनं पदर खोचला. "द्या, मी वाढते. आणि असं बघू नका हो माझ्याकडे. पोर शिकली, तिचं भलं झालं. यात कुणाचं काय गेलं?"

काय गेलं ते दारात येऊन उभं होतं. समाधानच्या शेजारच्या मशीनवरचा भैरू आला होता, ते ठरलेलंच होतं. त्याच्या मागं, न बोलावलेला, बद्रीनाथ होता. पांढरा शर्ट, केस चोपून बसवलेले, लग्नाला आल्यासारखा. समाधान अर्धवट उठला आणि तसाच अवघडून राहिला.

"बसत नाही," बद्रीनाथ म्हणाला. "पोरीला आशीर्वाद द्यायला आलो आणि एक काम होतं. समाधान, तू तिचं पुस्तक दाखवलं होतंस. सहा आठवडे ती आपल्यात उभी होती. काय पाहिलं, कुणाकडून ऐकलं, ते तिनं लिहिलं असेल. भैरूसमोर वाचू दे. माझं नाव निघालं तर उद्यापासून मी कंपनीत पाऊल टाकणार नाही."

"अरे ते कॉलेजचं आहे, त्यात आपलं काय असणार," समाधान म्हणाला. "आणि ते आता... कुठं ठेवलं आठवत नाही."

"ट्रंकेमागं आहे," चेतन म्हणाला.

चेतन समाधानचा मुलगा. बारावीला दोनदा बसून सुटला आणि आता त्याच कंपनीत कंत्राटदाराकडे पॅकिंगला होता. बापाच्या ओव्हरटाइमवर चुलत बहीण शिकली हे त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण विसरलाही नव्हता. आज तो आनंदानं उठला. पुस्तक काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि कल्याणीच्या मांडीवर ठेवलं. "वाच की. पहिली आलीस ना?"

"इंग्लिशमध्ये आहे," कल्याणी म्हणाली.

"मग मराठीत सांग. मॅनेजमेंट शिकलीस, एवढं मॅनेज होईल."

समाधाननं मुलाकडे असं पाहिलं, की राधाला सगळं कळलं. नवऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नोटीस वाचली त्याच क्षणी याला साबणाच्या वड्या आठवल्या असणार. तरीही आठ दिवस हा त्या गोलात बसून जेवला होता, आणि बद्रीनाथ आडोशाला. आणि हा तिच्या हाताची चटणी बाकीच्यांना वाढत होता.

कल्याणीनं एकेचाळिसावं पान उघडलं. वाचताना ओळीखाली बोट फिरवायची तिची सवय तशीच होती. शकू कचेरीत जायला लागल्यावर पोर शाळेतून इथंच यायची, आणि राधा तिला पाटावर बसवून धडा वाचून घ्यायची. राधाला अक्षर येत नव्हतं. म्हणून ती बोट बघायची. बोट ओळीवरून सरळ गेलं पाहिजे, एका ओळीवरून दुसरीवर उतरलं पाहिजे. उडी मारली की पुन्हा पहिल्यापासून. पोर रडायची, पण वाचायची.

"या अभ्यासात," कल्याणी म्हणाली, "श्री. समाधान बाबुराव गणवीर यांनी फार मदत केली. कामगारांचा अनुभव मोठा आहे. सगळे जण मन लावून काम करतात. कंपनीनं त्यांचा मान राखावा."

"बगा," भैरू सुटल्यासारखा म्हणाला. "ह्यात तर कायबी न्हाय."

"संपलं?" बद्रीनाथनं विचारलं.

"हो काका. बाकी सगळे तक्ते आहेत."

शकू पुढं झाली. "झालं ना मनासारखं? चला, बसा आता. रस्सा निवतोय."

"हो, चला चला," समाधान म्हणाला. त्याचा आवाज जागेवर आला होता. "बद्रीनाथ, तूही बस. मी काय म्हणतो, झालं गेलं सोडून द्यायचं."

सोडून कुणी द्यायचं हे त्यानं सांगितलं नाही. बद्रीनाथनं कल्याणीच्या डोक्यावर हात ठेवला, "मोठी हो" म्हणाला आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागला. वाकलेला असताना त्याच्या शर्टाची मागची घडी राधाला दिसली. इस्त्रीची नव्हती, उशीखाली ठेवून घातलेली होती. हा माणूस आज इथं यायची तयारी कालपासून करत होता.

नवऱ्याची अब्रू म्हणजे तिची अब्रू, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण कंपनीत ती अब्रू पहिल्यांदा याच माणसानं, चटणीत बोट घालून, दिली होती.

"कल्याणी," ती उंबऱ्यातून म्हणाली, "बोट आठ ओळी खाली गेलं, तू चारच बोललीस."

कुणालाच पटकन कळलं नाही. कल्याणीला कळलं. तिचं बोट पानावरच होतं, ते तिनं चटका बसल्यासारखं उचललं.

"जाऊबाई, तुम्हाला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?" शकू हसली.

"मला मराठीही येत नाही. बोट येतं. पुन्हा वाच, बाळा. पहिल्यापासून."

"आई, गप्प बस ना!" हा चेतन होता. पुस्तक काढून देणारा. त्याला आत्ता उमजलं होतं, की बहिणीची फजिती करायला गेलो आणि खड्ड्यात बाप उभा आहे. "काकू बरोबर बोलतायत. जेवू द्या लोकांना." शकू आणि चेतन या घरात पहिल्यांदाच एका बाजूला आले होते.

"अहो," राधा नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सांगता, की ती वाचते?"

समाधान सतरंजीकडे बघत बसला. तेवढ्या वेळात तो बोलला असता तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं. राधानं त्याला भरपूर वेळ दिला. दाराशी बद्रीनाथ एक चप्पल घालून थांबला होता.

मग कल्याणीनं वाचलं. हळू, ओळ न ओळ, बोट ठेवून. ऑपरेटर क्रमांक सात, श्री. समाधान बाबुराव गणवीर यांनी दोन झाकणं एकत्र आवळण्याचं एक साधन तयार केलं आहे. ही माहिती त्यांनी स्वतः संशोधिकेला दिली. साधनाचं चित्र पान बेचाळीसवर. हे साधन उघडपणे, पूर्ण आठ तास वापरलं तर अकरा माणसांचं काम सहा माणसं करू शकतात. उरलेल्या पाचांची विभागाला गरज नाही. ऑपरेटर सात यांना योग्य ते बक्षीस द्यावं.

"बक्षीस द्या असं लिहिलंय मी, मोठे बाबा," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "शिफारस नसली तर मार्क कापतात. सर म्हणाले, नुसतं शोधून उपयोग नाही, कंपनीला फायदा काय ते लिही. मी... ते लिहिताना तुम्ही लोक नव्हता हो डोळ्यांसमोर. ऑपरेटर एक ते अकरा होते."

"बद्रीनाथकाका कितवे?" राधानं विचारलं.

"तीन."

मग भैरू उठला. त्याला काहीतरी मोठ्यानं बोलायचं होतं, पण तो या घरात अनेकदा जेवला होता. "समाधानदा," तो म्हणाला, "पोरीनं ल्हिलं, ते जाऊ द्या. पोर हाय, शिकत व्हती. तुमी आठ दिस आमच्यात बसून जेवलात की वो. आमी ह्याला वाळीत टाकला, आन् तुमी चटणी वाढत व्हता."

"मी सांगणार होतो," समाधान म्हणाला.

"कवा?"

वाळीत हा शब्द समाधानच्या घरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, त्याला उद्देशून उच्चारला गेला होता. बाबुरावांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा काय काय मागं टाकलं, हे समाधान दर वर्षी पोरांना सांगायचा. आज पोरं त्याच्याकडे बघत होती. राधाला त्याची दया आली आणि रागही आला, आणि त्यातलं काय जास्त हे तिला सांगता आलं नसतं.

बद्रीनाथनं घातलेली चप्पल काढली. आत येऊन सतरंजीवर मांडी घातली.

"वाढा वहिनी," तो म्हणाला. "आठ दिवस कुणाच्या शेजारी बसून जेवलो नाही. भैरू, बस."

भैरू बसला. राधानं दोघांना वाढलं. पाटवड्या, रस्सा, भात, आमरस. दुसरं कुणी पानावर बसलं नाही. दोघं पोटभर जेवले. ताटाच्या कडेला तिनं चटणी वाढली होती, तिला मात्र बद्रीनाथनं बोट लावलं नाही. हात धुऊन तो दाराशी गेला, दोन्ही चपला घातल्या आणि मग वळला.

"समाधान, तुझी पोर हुशार आहे," तो म्हणाला. "जपून राहा."

ते गेल्यावर शकूनं पेढ्याचा पुडा परत पिशवीत टाकला. "हे व्हायला नको होतं, जाऊबाई. घरातलं माणूस घरातल्या माणसाला असं उघडं पाडत नाही." कल्याणी राधाच्या पायाशी येऊन बसली होती. "मोठी आई, मी ती नोकरी नाही घेत."

"घे," समाधान म्हणाला. कसली नोकरी, असं त्यानं विचारलंही नाही. "तू नाही घेतलीस तर आम्ही पाच जण परत लागणार आहोत का?" तो खवचटपणे बोलला नाही, खरंच विचारल्यासारखा बोलला, आणि ते ऐकून पोर आणखी रडली. राधानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. तिला फिरवावासा वाटत होता, पण हात उचलला गेला नाही.

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी पाचला उठली. पोळ्या केल्या, भाजी केली. पितळी डब्याचा मोठा कप्पा घेतला आणि सवयीनं जवसाची चटणी त्यात काठोकाठ भरली. समाधान गणवेश घालून मागं येऊन उभा राहिला. फॉर्म घडी करून त्याच्या वरच्या खिशात होता. अजून तीन आठवडे त्याला कामावर जायचं होतं.

"तो मोठा कप्पा नको," तो म्हणाला. "एकट्यापुरतं दे."

राधानं मोठा कप्पा रिकामा केला, आणि तेवीस वर्षांपूर्वीचा तो लहान डबा शोधायला माळ्यावर चढली.